बीपीच्या गोळीने पाय सुजतात तेव्हा

आईची जोडवी रुतायला लागली तेव्हा आमचं लक्ष गेलं. सकाळी पाय ठीक असायचे, संध्याकाळपर्यंत दोन्ही घोटे टम्म, आणि अंगठ्याने दाबलं की खळगा पडायचा तो बराच वेळ तसाच. लगेच शेजारपाजारचे सल्ले सुरू, मीठ सोडा, धन्याचं पाणी प्या, किडनी बघून घ्या. किडनी बघितलीच, रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, शिवाय हृदयाची टूडी इको, सगळं नॉर्मल.

मग एका फिजिशियनने रिपोर्ट बाजूला ठेवून आधी गोळ्यांची पाकिटं मागितली. त्यात बीपीची ॲम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅमची १० झालेली. म्हणाले हीच ती. डोस वाढला की सूज वाढते, आणि बायकांमध्ये जास्त दिसते.

कारण ऐकून मला पटलं. ही गोळी बारीक धमन्या सैल करते म्हणून बीपी उतरतं, पण शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, म्हणजे रक्त आत येतं जोरात आणि बाहेर पडायची वाट तेवढीच, मग केशवाहिन्यांतून पाणी झिरपून खाली घोट्याशी साठतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतंच, ते भलत्या जागी गेलेलं असतं. म्हणून लघवीच्या गोळीचा यावर फारसा उपयोग होत नाही. आईला आधी एकांनी तीच लिहून दिली होती! सूज तशीच, वर रात्री बाथरूमच्या फेऱ्या, आणि या वयात सोडियम कमी होऊन चक्कर आली तर ते वेगळंच. एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी, याचा मला भयंकर राग येतो.

डॉक्टरांनी डोस परत ५ वर आणला आणि जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी दिली, ती शिरासुद्धा सैल करते त्यामुळे सूज कमी होते. काहींना ॲम्लोडिपिन बदलून सिल्निडिपिन देतात, तिने पाय कमी सुजतात. आता आई सिरियल बघताना पाय उशीवर ठेवते, खुर्चीत तासन्‌तास लोंबकळत नाही. जोडवी सहज फिरतात.

फक्त स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका हं, मावशीने केली आणि वरचं बीपी १८० ला गेलं. आणि एकच पाय सुजला, पोटरी दुखतेय, लाल झालीय किंवा दम लागतोय, तर गोळीवर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.