पहाटेचे तीन चाळीस

नवले पुलाजवळ दुचाकी घसरली, डोक्यात हेल्मेट नव्हतं. वय 34. चौथ्या दिवशी दुपारी आयसीयूतून मला फोन आला. मी अवयवदान समन्वयक. डोळ्यांच्या बाहुल्या दोन दिवसांपासून प्रकाशाला हलत नव्हत्या. फोन तेव्हाच यायला हवा होता. समन्वयकाला बोलावलं म्हणजे आपण हात टेकले, असं अजूनही कितीतरी डॉक्टरांना वाटतं. त्यात रुग्णाची वेळ जाते.

मेंदू मृत झालाय का हे ठरवणारी अ‍ॅप्निया टेस्ट पाहणं मला आजही जड जातं. व्हेंटिलेटर काढायचा, नळीतून नुसता ऑक्सिजन सोडायचा आणि छातीकडे बघत राहायचं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड 60 च्या वर जातो, तरी छाती हलत नाही. हे दोनदा, मध्ये किमान 6 तास, आणि चार डॉक्टरांच्या सह्या. पहिली अडीचला झाली, दुसरी साडेआठला.

थोरला भाऊ म्हणाला, "आईला मीच सांगतो. ताई, तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा." आईने एवढंच विचारलं, "त्याला दुखंल का?" मी नाही म्हटलं. भावाने संमतीच्या फॉर्म नंबर 8 वर सही केली. अवयवांचं वाटप ठरवणाऱ्या झेडटीसीसी केंद्राला कळवलं, प्रतीक्षायादी हलू लागली. केस अपघाताची, म्हणून पोलिसांची ना-हरकत लागते. साहेब बंदोबस्तात होते. कागद हातात आला तेव्हा रात्रीचा पाऊण वाजला होता. ऑपरेशन पहाटे पाचचं ठरलं.

मेंदू गेला की शरीराला धरून ठेवणं ही वेगळीच कसरत असते. लघवी थांबता थांबत नाही, सोडियम चढतं, अंग गार पडतं, बीपी कोसळतं. रात्रपाळीच्या सिस्टर दर तासाला लघवी मोजून तेवढं पाणी भरत होत्या, पांघरुणं बदलत होत्या, बीपी धरून ठेवणाऱ्या नॉरॅड या औषधाचा वेग पॉइंट पॉइंटने सरकवत होत्या. इतकं नेटकं काम मी क्वचित पाहिलंय. तीन चाळीसला मॉनिटरवरची रेघ बिघडली. पंचवीस मिनिटं छाती दाबली. हृदय परत आलं नाही.

वरच्या मजल्यावर आमचाच एक डायलिसिसचा रुग्ण रात्रीपासून उपाशी बसला होता. किडनीसाठी दात्याच्या रक्ताशी त्याचा क्रॉसमॅच जुळला होता. बायकोने पिशवीत नवा टॉवेल आणला होता, तो घडीसकट मांडीवर. मी सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मग उद्याचं डायलिसिस नेहमीच्याच वेळेला ना?"

डोळे मात्र घेता आले. त्यासाठी हृदय थांबल्यावर 6 तासांची मुदत असते. भावानेच आठवण केली.

पोलिसांचा कागद दहालाच मिळाला असता तर? फोन दोन दिवस आधी आला असता तर? कागदपत्रं पुन्हा तपासली, वेळा मांडून पाहिल्या. दोष एका जागी बसत नाही.

तेराव्यानंतर भावाचा फोन आला. डोळे कुणाला दिले, असं त्याने विचारलं. नावं सांगता येत नाहीत, दोघांना दिसू लागलंय, एवढंच मी सांगितलं.

तो म्हणाला, "ताई, गावात मी पाच जणांना जीव मिळाला म्हणून सांगून बसलोय. आईलाही तसंच."

मी त्याला दुरुस्त केलं नाही.