तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळीच्या सुट्टीतली गाणी आणि संक्रांतीचे कार्यक्रम

कार्यक्रम आटोपून आम्ही संबळ, हलगी आवरत असलो की कुणी ना कुणी थांबून विचारते, "बाई, गड्ड्याच्या, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेच्या दिवसांत तुमच्या तारखा भरलेल्या असतात, जुनी गाणी लोक मागून मागून ऐकतात, मग दिवाळीची सुट्टी नवी गाणी लिहिण्यात का घालवता? आणि लिहिता, तर ती कार्यक्रमात ऐकवत का नाही?" विचारणाऱ्यांना उत्तराची खरी उत्सुकता असते, म्हणून ते एकदा सविस्तर लिहीत आहे.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे सलग बसून लिहायला मला दिवाळीची सुट्टीच सापडते. पण सोय हे त्याचे एकमेव कारण नाही. दिवाळी आणि संक्रांत यांच्यामध्ये जो अवधी मिळतो, तो नव्या गाण्याला फार उपयोगाचा असतो, कारण तेवढ्या काळात ते माझ्या वहीतून निघून दुसऱ्यांच्या तोंडी बसते किंवा बसत नाही. जे बसत नाही, ते मी कार्यक्रमात घेत नाही. लोकगीत म्हणवणारे गाणे गायिकेने एकटीने म्हटले आणि लोकांनी नुसते ऐकले, तर ते कितीही सुरेल झाले तरी अपुरेच राहते, असे माझे ठाम मत आहे. गोंधळात मुख्य गोंधळ्यामागे झीलकरी असतात आणि ओळीचा शेवट उचलून धरतात. माझ्या पदांना समोरची सगळी माणसे झीलकरी म्हणून हवी असतात.

यंदाच्या सुट्टीत मी कुंभारकन्येची पदे लिहिली. सोलापुरात तिची कथा सांगावी लागत नाही, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी. त्यांच्या तपोभूमीच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करणाऱ्या एका कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशी विवाहाची इच्छा धरली. त्यांनी आपण संसारी नसल्याचे सांगून आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची संमती दिली. हाच विवाह सोलापूर दर संक्रांतीला पुन्हा लावते. सात नंदीध्वजांची, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांची मिरवणूक निघते, शहराच्या भोवती असलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि संक्रांतीला होम मैदानावर होमप्रदीपन होते. त्या होमात बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून तिच्या रूपाने कुंभारकन्या अग्नीला अर्पण केली जाते.

नंदीध्वजांचा डौल, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त आणि 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र'चा गजर यांवर पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. मला मात्र शालू नेसलेल्या त्या पेंढीपाशी थांबावेसे वाटले. त्या मुलीला सगळे कुंभारकन्या म्हणूनच ओळखतात, आणि ती दिसते तीही लग्नाच्या व अग्नीच्या क्षणीच. त्याआधी ती रोज काय करत होती? माती मळत होती, शेण कालवत होती, कुणीही सांगितले नसताना पहाटे दुसऱ्याचे अंगण सारवत होती. तिच्या भक्तीचा मोठा भाग या कामातच होता, असे मला वाटते, म्हणून पदांत मी लग्नसोहळ्यापेक्षा कामाला जास्त जागा दिली.

एक पद असे आहे:

दारी तुझ्या सिद्धरामा, रोज सारविते भुई
हात मातीचे गं बाई, माझे हात मातीचे

वहीत आधी दुसरी ओळ 'कुंभाराची लेक' या शब्दांवर संपत होती. अर्थाला ते शब्द चांगलेच होते, पण 'लेक'मधल्या 'क'पाशी आवाज मिटतो, त्याला ओढता येत नाही आणि झील धरणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. शहराच्या पूर्व भागात बिडी वळणाऱ्या काही ओळखीच्या बायका आहेत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने कापलेली तेंदूची पाने आणि न थांबणारी बोटे, असे त्यांचे काम चालू असताना मी त्यांच्यात बसून पदे म्हणते. त्यांतल्या बहुतेकींच्या घरी तेलुगू बोलली जाते. त्यांच्यापैकी एकीने ओळीच्या मधलेच 'हात मातीचे' उचलले, बाकीच्यांनी ते तिच्याकडून घेतले आणि पदाचे पालुपद तिथेच ठरले. 'चे' लांबवता येतो, त्यावर संबळाची एक आवर्तनभर जागा मिळते आणि मराठी जेमतेम येणारीलाही तो कुठे धरायचा ते कळते. सोलापूरला हे नवे नाही. संमती कट्ट्यावर वाचन कानडीत होते, तरी मराठी आणि तेलुगू बोलणाऱ्या माणसांचे हात अक्षतांसाठी नेमक्या वेळी वर जातात.

आता कार्यक्रमांविषयी. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला आम्ही दक्षिण सोलापुरातल्या एका शेतात जाणार आहोत. कडब्याच्या कोपीपुढे पूजा झाली की आंबील, भज्जी आणि उंडे यांचे जेवण होते, आणि जेवणानंतर ज्वारीच्या धाटांत बसून गाणी होतात. तिथे नवी पदे पहिल्यांदा वाद्यांसह होतील. १२ जानेवारीला मात्र एकही नवे पद नसेल. १९३१ साली त्या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी दिली गेली, आणि त्या संध्याकाळी लोक त्यांचा पोवाडा ऐकायला येतात. तो आम्ही पूर्ण म्हणतो, वेळ कमी असला तरी त्याची कडवी गाळत नाही. रात्रीच्या दवाने हलगीचे कातडे सैल पडते, तेव्हा मधेच कागदाचा जाळ करून ती शेकावी लागते. तेवढा वेळ श्रोत्यांनी सांभाळून घ्यावा.

अक्षता आणि होमाच्या दिवशी आम्ही कार्यक्रम ठेवत नाही, कारण आमच्या संचातले सगळेच मिरवणुकीत असतात. त्यानंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे कार्यक्रम आहेत, आणि कुंभारकन्येची पदे ऐकायला मिळत नाहीत अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी तिथे यावे. पदांचे कागद आम्ही वाटणार नाही. प्रत्येक पदाचे पालुपद आधी दोनदा म्हणून दाखवू आणि मग ते तुमच्याकडे सोपवू. ज्या घरांत कुंभारकन्येच्या जुन्या ओव्या मराठीत, कानडीत किंवा तेलुगूत अजून म्हटल्या जातात, त्यांनी घरातल्या आजींना सोबत आणावे. त्यांच्या ओव्या आधी होतील आणि आमची पदे त्यांच्यानंतर.