डायव्हर्टिक्युलोसिस आणि मी केलेला फायबरचा अतिरेक (माझा अनुभव)

कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) केली होती वेगळ्याच कारणासाठी, आणि रिपोर्टमध्ये हा भलामोठा शब्द निघाला. डायव्हर्टिक्युलोसिस. मी घाबरून डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले अहो, मोठ्या आतड्याच्या भिंतीला बारीक बारीक पिशव्या आल्यात, पाश्चात्त्य देशांत तर साठीनंतर निम्म्याहून जास्त लोकांना असतात आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ता पण लागत नाही. औषध काही नाही. फायबर वाढवा, पाणी प्या, कुंथू नका.

आता फायबर वाढवा म्हटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी सगळं एकदम सुरू केलं, सकाळी ओट्स, दुपारी कडधान्य, येताजाता सालासकट फळं आणि रात्री वर दोन चमचे इसबगोल, तेही अर्ध्या ग्लास पाण्यात. चार दिवसात पोटाचा नगारा. गॅस इतका की माणसात बसायची चोरी, आणि पोट साफ व्हायच्या ऐवजी उलट जास्तच घट्ट. मग कळलं की टार्गेट दिवसाला २५-३० ग्रॅमचं असलं तरी तिथपर्यंत काही आठवडे घेत हळूहळू जायचं असतं, आणि इसबगोलला भरपूर पाणी नसेल तर ते आतच घट्ट होऊन बसतं. मी परत शून्यापासून सुरुवात केली, दर आठवड्याला एकच गोष्ट वाढवायची. दीड महिन्याने पोट लायनीवर आलं.

बिया आणि शेंगदाणे मी भीतीने बंद केले होते, त्या पिशव्यांमध्ये अडकतात असं सगळे सांगतात ना. डॉक्टर हसले. २००८ मध्ये ४७ हजार पुरुषांचा १८ वर्षांचा अभ्यास छापून आला, त्यात दाणे, पॉपकॉर्न वगैरेंनी त्रास वाढतो असं काही दिसलं नाही. उगाच तीन महिने उपाशी राहिलो!

गुडघ्यासाठी मी मनानेच आयब्युप्रोफेन ही दुखण्याची गोळी घ्यायचो ते मात्र बंद झालं, त्याने या पिशव्यांना सूज येण्याचा आणि रक्तस्त्राव होण्याचा धोका वाढतो म्हणे. आता लागलीच तर विचारून पॅरासिटामॉल.

मधे एकदा डाव्या बाजूला खाली दुखायला लागलं, अंगात ताप, आणि मी येडा त्या दिवशी पण इसबगोल घेऊन बसलो. ते डायव्हर्टिक्युलायटिस निघालं, म्हणजे पिशवीला सूज. तेव्हा सगळं उलटं असतं, काही दिवस नुसतं पातळ, मग मऊ कमी फायबरचं, आणि बरं वाटल्यावर परत हळूहळू फायबर. हे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. ताप, न थांबणारं दुखणं, उलट्या किंवा शौचातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर घरी बसून बघू बघू करायचं नाही, सरळ दवाखाना.

पिशव्या आहेत तिथेच आहेत, त्या जात नाहीत. मी आता रोज अर्धा तास चालतो आणि संडासात मोबाईल नेणं बंद केलंय, हे दुसरं सगळ्यात अवघड गेलं खरं.