लक्झेंबर्गमधले एक मत

१७ जून २०२४ च्या सोमवारी लक्झेंबर्गमध्ये युरोपीय संघाच्या पर्यावरणमंत्र्यांची परिषद भरली होती आणि निसर्ग पुनर्स्थापना कायद्यावर तिथे अखेरचे मतदान व्हायचे होते. ब्रसेल्समधल्या एका पर्यावरणविषयक संस्थेत काम करताना या कायद्याचा प्रवास मी पहिल्या मसुद्यापासून जवळून पाहत आले होते. कायदा करताना मंत्र्यांच्या या परिषदेने चर्चा आणि मतदान खुल्या बैठकीतच केले पाहिजे, असे बंधन संघाच्या कारभाराचे नियम ठरवणाऱ्या लिस्बन कराराने घातले आहे. त्यामुळे कार्यालयातले आम्ही सगळे थेट प्रक्षेपणासमोर बसलो होतो. माझ्याकडे काम होते बेरजेचे. प्रत्येक मंत्र्याच्या बोलण्यावरून त्या देशाचे मत कोणत्या बाजूला जाते ते टिपायचे आणि संघाच्या लोकसंख्येतला त्या देशाचा वाटा त्या रकान्यात लिहायचा.

ही बेरीज करावी लागते, कारण परिषदेत नुसते हात मोजून भागत नाही. विशेष बहुमतासाठी सत्तावीसपैकी किमान पंधरा देश बाजूने असावे लागतात आणि त्या देशांत संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या राहत असावी लागते. पहिली अट लहान देशांचे रक्षण करते, दुसरी मोठ्या देशांचे. जो देश तटस्थ राहतो त्याची लोकसंख्या बाजूच्या बेरजेत येत नाही, म्हणजे तटस्थ राहण्याचा परिणाम प्रत्यक्षात विरोधी मतासारखाच होतो. विरोध करायचा आहे पण बोलून दाखवायचा नाही, अशा सरकारांना ही सोय फार उपयोगी पडते.

तिथवर पोहोचायला कायद्याला दोन वर्षे लागली होती. संघात नवा कायदा सुचवण्याचा अधिकार जवळजवळ सर्वस्वी युरोपीय आयोगाकडे, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाकडे आहे; युरोपीय संसदेचे सदस्य किंवा मंत्री स्वतः मसुदा मांडू शकत नाहीत. आयोगाने प्रस्ताव मांडला तो जून २०२२ मध्ये. युरोपातले ८० टक्क्यांहून अधिक अधिवास वाईट अवस्थेत आहेत, तेव्हा २०३० पर्यंत किमान २० टक्के जमिनीवर आणि २० टक्के समुद्रात पुनर्स्थापनेचे उपाय सुरू झाले पाहिजेत, असा त्याचा गाभा होता. जुलै २०२३ मध्ये स्ट्रासबर्गला संसदेत तो मुळातच फेटाळावा अशी सूचना आली आणि ३१२ विरुद्ध ३२४ अशी, म्हणजे केवळ बारा मतांनी पडली. नोव्हेंबरात संसद, परिषद आणि आयोग यांच्या त्रिपक्षीय वाटाघाटींत तडजोड झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये संसदेने ती ३२९ विरुद्ध २७५ मतांनी मान्य केली. एरवी यानंतर परिषदेची मंजुरी हा निव्वळ उपचार असतो, कारण तडजोडीच्या टेबलावर परिषदेचाच प्रतिनिधी बसलेला असतो. या वेळी मात्र मार्चमध्ये हंगेरीने पाठिंबा काढून घेतला, बहुमत गेले आणि विषयपत्रिकेवरून विषयच काढावा लागला. वाटाघाटीत दिलेला शब्द असा मागे घेणे मला आजही गैर वाटते. त्या शब्दाच्या भरवशावरच तर संसदेने आपल्या मसुद्याला मुरड घातली होती.

वेळही उरला नव्हता. परिषदेचे अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी फिरते. बेल्जियमची मुदत ३० जूनला संपत होती आणि १ जुलैपासून सूत्रे हंगेरीकडेच जाणार होती. विषयपत्रिका अध्यक्ष ठरवतो, हे लक्षात घेतले की लक्झेंबर्गची बैठक किती निर्णायक होती ते कळते.

रविवारी, म्हणजे आदल्या दिवशी, ऑस्ट्रियाच्या पर्यावरणमंत्री लिओनोरे गेवेसलर यांनी आपण बाजूने मत देणार असल्याचे व्हिएन्नात जाहीर केले. त्या ग्रीन पक्षाच्या. सरकारचे नेतृत्व करणारा पीपल्स पार्टी हा पक्ष कायद्याच्या विरोधात. ऑस्ट्रियाच्या नऊ राज्यांनी आधी एकमुखाने विरोध नोंदवला होता आणि तो मंत्र्यावर बंधनकारक ठरतो, असे ऑस्ट्रियाचे सरकारप्रमुख, म्हणजे चॅन्सलर, कार्ल नेहॅमर यांच्या बाजूचे म्हणणे होते. व्हिएन्ना राज्याने भूमिका बदलल्यामुळे ते एकमत आता उरलेले नाही, असे गेवेसलर यांचे उत्तर होते. त्यांचे मत ऑस्ट्रियाचे मानू नये, असे चॅन्सलरांनी बेल्जियमला कळवले. ऑस्ट्रियाचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण माझ्या बेरजेत तेवढ्यावरच सगळे अडले होते.

सोमवारी सकाळी आमच्याकडे वाद झाला तो याच मुद्द्यावर. माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे होते, की ज्या मताला स्वतःच्या सरकारप्रमुखाचा विरोध आहे ते मोजणेच लोकशाहीला धरून नाही. मी त्यांना युरोपीय संघाविषयीच्या कराराचे सोळावे कलम दाखवले. परिषदेत प्रत्येक देशाचा मंत्रिपातळीवरचा प्रतिनिधी बसतो आणि आपल्या सरकारला बांधून घेण्याचा व मत देण्याचा अधिकार त्यालाच असतो. परिषद घरातल्या भांडणाची चौकशी करत बसली, तर आघाडी सरकार असलेल्या कोणत्याही देशाच्या मतावर विसंबता येणार नाही. बेल्जियमच्या अध्यक्षांनीही तीच भूमिका घेतली.

त्या दालनातली खरी विसंगती वेगळीच होती. अध्यक्षस्थानी असलेले अलाँ मारोँ हे ब्रसेल्स प्रदेशाचे मंत्री, तेही ग्रीन पक्षाचेच. कायदा मंजूर व्हावा म्हणून बैठक घडवून आणली ती त्यांनी, पण बेल्जियमच्या प्रदेशांत एकमत नव्हते, फ्लँडर्सचा विरोध होता, म्हणून बेल्जियम मात्र तटस्थ राहिला. एकाच दालनात एकाच विचाराचे दोन मंत्री होते. एकाने आपल्या संघराज्याच्या मतभेदापुढे हात आवरला, तर दुसरीने त्या मतभेदाचाच आधार घेऊन हात वर केला. दोघांच्याही वागण्याला नियमांचा आधार होता. गेवेसलर यांनी पत्करलेली जोखीम मोठी होती आणि माझा आदर त्यांच्याकडे अधिक झुकतो.

इटली, हंगेरी, पोलंड, नेदरलँड्स, स्वीडन आणि फिनलंड विरोधात गेले. वीस देश बाजूने होते आणि लोकसंख्येचा वाटा भरला ६६.०७ टक्के. ऑस्ट्रिया वजा केला की बेरीज चौसष्टवर येते, म्हणजे कायदा पडतो. खोलीत टाळ्या वाजल्या. मी मात्र आकडे पुन्हा पडताळले आणि मगच देशोदेशीच्या सदस्य संस्थांना निकाल कळवला.

त्याच संध्याकाळी ब्रसेल्समध्ये सत्तावीस देशांचे प्रमुख अनौपचारिक भोजनाला जमले. हे युरोपीय परिषद नावाचे स्वतंत्र मंडळ आहे. ते कायदे करत नाही, दिशा ठरवते आणि आयोगाच्या अध्यक्षपदासाठी नाव सुचवते. त्या रात्री चर्चा होती ती उर्सुला फॉन डेअर लायन यांना दुसरी संधी द्यायची का याची. तिथे जमलेल्या प्रमुखांत नेहॅमरही होते. सकाळी त्यांचा विरोध डावलून कायदा झाला होता. त्यांच्या पक्षाने गेवेसलर यांच्याविरुद्ध अधिकाराच्या गैरवापराची तक्रार करण्याचे आणि सरकारच्या वतीने युरोपीय न्यायालयात दाद मागण्याचे जाहीर केले, तरी आघाडी मोडली नाही.

कायदा १८ ऑगस्टला लागू झाला. प्रत्येक देशाने पुनर्स्थापनेच्या आराखड्याचा मसुदा १ सप्टेंबर २०२६ पर्यंत आयोगाला सादर करायचा होता, विरोधात मत दिलेल्या सहा देशांनीसुद्धा. आमचे काम त्या आराखड्यांकडे वळले. त्यांत कोणत्या नद्यांवरचे बांध काढायचे, कोणती दलदल पुन्हा भिजवायची आणि त्यासाठी शेतकऱ्यांना पैसे कुठून द्यायचे, हे देशोदेशीच्या मंत्रालयांना लेखी द्यावे लागणार होते.