शंख, चष्मा आणि बेटावरची पोरं : माझा प्रोजेक्टचा अनुभव

एमएच्या शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्टसाठी मी विल्यम गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' घेतली, विषय होता त्यातली प्रतीकं आणि संघर्ष. कादंबरी १९५४ ची, गोष्ट सगळ्यांना साधारण माहीत असते, अणुयुद्ध चालू आहे, इंग्लिश शाळकरी मुलांचं विमान एका निर्जन बेटावर पडतं, मोठं माणूस एकही उरत नाही, आणि मग ही पोरं आपापसात काय करतात ते. यावर काही करायचं असेल त्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

बाजारातल्या गाइडमध्ये सगळं तयार मिळतं. शंख म्हणजे लोकशाही, चष्मा म्हणजे विज्ञान, आग म्हणजे आशा, काठीवरचं डुकराचं मुंडकं म्हणजे माणसातली दुष्टाई. चूक नाहीये ते, पण असं लिहिलं की दोन पानांत विषय संपतो आणि संघर्षाचं वेगळं प्रकरण पाडून राल्फ (पोरांनी निवडलेला पुढारी) विरुद्ध जॅक (शिकारी टोळीचा म्होरक्या) असं काहीतरी भरावं लागतं. माझ्या प्रोजेक्टच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, वस्तूचा अर्थ नंतर बघ, आधी ती वस्तू कुणाच्या हातात आहे ते बघ. मग मी एक वही केली, शंखाला वेगळी पानं, चष्म्याला वेगळी, आगीला वेगळी, आणि बाराही प्रकरणं परत वाचत प्रत्येक ठिकाणी कुणी घेतलं, कुणाकडून घेतलं, मागून घेतलं की हिसकावून, एवढंच लिहीत गेले.

आणि खरं सांगते, कादंबरी तिथे उघडली. शंख पाण्यात दिसतो राल्फला, पण तो वाजवायचा कसा हे माहीत असतं पिगी या चष्मेवाल्या मुलाला, आणि पिगीला दमा, त्यामुळे वाजवतो राल्फ आणि पोरं पुढारी म्हणून निवडतात राल्फलाच. म्हणजे अक्कल एकाची आणि मान दुसऱ्याला हे पहिल्या प्रकरणातच ठरून जातं! सभेत ज्याच्या हातात शंख त्यानेच बोलायचं असा नियम होतो, पण दुसऱ्या प्रकरणात डोंगरावर जॅक म्हणतो की इथे शंख चालत नाही, तेव्हा कुणी फारसं मनावर घेत नाही. पुढे शंखाचा रंग उडत उडत तो पांढरा पडतो.

चष्म्याची पानं वाचताना तर मला त्रास व्हायचा. आधी काचेतून ऊन पाडून आग पेटवायला पिगीच्या नाकावरून सरळ ओढून घेतात, त्याला विचारतसुद्धा नाहीत. चौथ्या प्रकरणात डुकराच्या शिकारीपायी जहाजांना दिसावी म्हणून लावलेली आग विझते, नेमकं तेव्हाच जहाज लांबून निघून जातं, त्यावरून भांडण होतं आणि जॅकच्या फटक्याने एक काच फुटते. दहाव्या प्रकरणात रात्री जॅकची टोळी झोपडीवर हल्ला करते, पिगीला वाटतं शंख न्यायला आलेत, आणि ते शंखाला हातसुद्धा लावत नाहीत, चष्मा घेऊन जातात. माझा सगळा प्रोजेक्ट या एका जागेवर उभा राहिला. ज्या दिवशी शंख चोरण्याच्यासुद्धा लायकीचा उरला नाही त्या दिवशी तो संपला, अकराव्या प्रकरणात जॅकच्या टोळीतल्या रॉजरने ढकललेल्या दगडाखाली पिगीबरोबर फुटतो तो नंतर.

रॉजरवर मी मुद्दाम जास्त लिहिलं. चौथ्या प्रकरणात हाच मुलगा एका लहानग्याच्या आजूबाजूला दगड मारतो पण नेम चुकवून, कारण आईबाप, शाळा, पोलीस यांचा धाक अजून हातात आहे. धाक कसा जातो ते गोल्डिंग भाषण न देता दाखवतो. त्याने स्वतः ब्रिटिश नौदलात दुसरं महायुद्ध बघितलं होतं आणि नंतर शाळेत मुलांना शिकवायचा, त्यामुळे दोन्हीकडची माहिती आतून होती.

सगळ्यात अवघड गेला सायमन या शांत, एकट्या राहणाऱ्या मुलाचा भाग. पाचव्या प्रकरणात पोरांना वाटत असतं की मोठ्यांकडून काहीतरी खूण यावी, आणि पुढच्याच प्रकरणात आभाळातल्या लढाईतून पॅराशूटला लटकलेलं प्रेत डोंगरावर येऊन पडतं, त्यालाच सगळे राक्षस समजतात. राक्षस नाही, मेलेला माणूस आहे हे कळतं फक्त सायमनला, तो ते सांगायला खाली येतो आणि वादळात नाचणारी पोरं त्यालाच राक्षस समजून मारतात. त्यात राल्फ आणि पिगीपण असतात. दुसऱ्या दिवशी राल्फ त्याला खून म्हणतो आणि पिगी, जो एरवी सगळ्यात शहाणा, अपघात होता म्हणून हट्ट धरतो. चांगला गट विरुद्ध वाईट गट अशी मांडणी इथे टिकत नाही, म्हणून मी संघर्षाचं वेगळं प्रकरणच काढून टाकलं आणि ते सगळं वस्तूंच्या प्रकरणांत मिसळलं, त्यात बरेच दिवस गेले पण वाचायला एकसंध झालं.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी चष्म्यावरच धरलं. पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे मायनस नंबर, म्हणजे अंतर्गोल भिंग, त्याने ऊन एकवटत नाही, फाकतं, मग आग पेटेल कशी? हा आक्षेप जुना आणि बरोबर आहे. मी म्हटलं, भौतिकशास्त्रात गोल्डिंग चुकलाय, पण कथेला तो मुलगा आंधळा व्हायला हवा आहे आणि आगही त्याच्याकडूनच हवी आहे.

मग विचारलं, सगळी मुलं अशीच वागतील का? मी टोंगा या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशातल्या मुलांचं सांगितलं. १९६५ मध्ये सहा शाळकरी मुलं बोटीतून भरकटून आटा नावाच्या ओसाड बेटावर लागली, वर्षाहून जास्त काळ तिथे राहिली, आग विझू दिली नाही, एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बसवला, आणि १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कप्तानाला सगळे जिवंत सापडले. माझं मत असं की यामुळे कादंबरी खोटी ठरत नाही. गोल्डिंगची पोरं युद्धातून आलेली आहेत, जॅकची टोळी तर गणवेशातली गायकांची तुकडी म्हणूनच बेटावर चालत येते, हुकूम द्यायची आणि ऐकायची सवय आधीचीच.

आता ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी, दहावं प्रकरण आधी नीट वाचा, मग पहिलं. आणि आगीचं शेवटचं पान सोडू नका, बोलावण्यासाठी लावलेल्या आगीने जहाज येत नाही, राल्फला मारायला पेटवलेल्या जंगलाचा धूर बघून येतं, आणि उतरणारा अधिकारीही युद्धनौकेवरचाच असतो. मॅडमच्या मते यावरच एक वेगळा प्रोजेक्ट होईल.