किती दिवसांत रुळतं? तुम्ही विचारलंत म्हणून

कऱ्हाडहून फोन आला की मावशी विचारते, "करमतं का गं तिकडे?" पुण्यातल्या शाळेतल्या माझ्या जुन्या सहशिक्षिका विचारतात, "मग, सेटल झालात ना आता?" आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीला निघालेल्या मुली, कुणाकुणाकडून माझा नंबर मिळवून, नेमकं विचारतात, "ताई, किती दिवसांत रुळतं हो?" गेल्या महिन्यात पिंपरीच्या एकीने हेच विचारलं. तिला मी "होतं गं हळूहळू" एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर ते उत्तर मलाच खोटं वाटलं. म्हणून आज नीट लिहिते.

आमच्या घरात माणसं तीन, आणि या प्रश्नाची उत्तरंही तीन. नवऱ्याला तीन महिने लागले. लेकीला तेरा दिवस. मला साडेचार वर्षं.

आम्ही २०१६ च्या फेब्रुवारीत श्टुटगार्टला आलो. वाडग्यासारखं शहर आहे हे, मधे खोलगट आणि भोवती टेकड्या. टेकड्यांच्या उतारावर, ऐन शहरात, द्राक्षमळे. वर-खाली करायला दगडी पायऱ्यांचे जिने, ते म्हणे चारशेच्या वर आहेत. सहा बिऱ्हाडांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. घरात स्वयंपाकघराची खोली होती, पण ओटा नव्हता, सिंक नव्हतं, छताला दिवेही नव्हते, नुसत्या वायरी लोंबत होत्या. इथे बरीच घरं अशीच भाड्याने देतात, ज्याने त्याने आपलं स्वयंपाकघर आणायचं आणि जाताना घेऊन जायचं. पाच आठवडे मी एका विजेच्या शेगडीवर खिचडी-भात केला आणि भांडी न्हाणीघरात घासली.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट झाली. महिना होत आला तरी बँकेचं कार्ड येईना, विम्याचं येईना. दोन्ही येऊन परत गेली होती. इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि आडनाव, बस. टपालपेटीवर नाव नसेल तर तुम्ही तिथे राहतच नाही असा त्याचा अर्थ होतो. (पिंपरीच्या मुली, सामान उघडायच्या आधी पेटीवर नावाची चिठ्ठी लाव. साध्या कागदावर लिहिलेली चालते.)

नवऱ्याचं सोपं झालं, आणि त्यात त्याचा दोष काही नाही. ऑफिसात इंग्रजी चालत होतं, टेबलाशेजारी चाकणहून आलेला सहकारी होता, रोज सकाळी जायला एक जागा होती. मे महिन्यात एका रात्री तो म्हणाला, "उद्या आपल्याकडे पाऊस आहे." मी म्हटलं, पुण्यात, मेमध्ये? तो खिडकीबाहेर बघत होता. त्याचं 'आपल्याकडे' तीन महिन्यांत हललं होतं. त्या रात्री मला फार एकटं वाटलं, हे मी त्याला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

लेक तेव्हा तीन वर्षांची. तिच्या तेरा दिवसांबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण रुळणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

इथल्या बालवाड्यांमध्ये मूल पहिल्या दिवशी सोडून यायचं नसतं. त्यासाठी रीतसर एक काळ असतो, त्याला आइनगेवोनुंग म्हणतात, सवय होण्याचा काळ. बर्लिनमध्ये १९८० च्या दशकात याची एक पद्धत बसवली गेली आणि आमच्या बालवाडीत तीच होती. पहिले तीन दिवस आईने किंवा बापाने मुलाबरोबर वर्गात बसायचं, तासभर, आणि बरोबरच घरी यायचं. आईने खेळायचं नाही, मुलाला पुढे ढकलायचं नाही, नुसतं एका जागी बसायचं, म्हणजे मुलाला वळून बघितलं की आई तिथेच दिसते. चौथ्या दिवशी पहिली ताटातूट, तीही काही मिनिटांची. आणि जाताना सांगून जायचं. नजर चुकवून सटकायचं नाही, यावर बाई ठाम होत्या.

मी कोपऱ्यात एका बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. चौथ्या दिवशी "आई बाहेर जाऊन येते" म्हणाले आणि शेजारच्या खोलीत जाऊन उभी राहिले. आतून तिचा हंबरडा ऐकू आला. चार मिनिटांनी मला परत बोलावलं. पाचव्या दिवशी दहा मिनिटं. मग मधे शनिवार-रविवार आला आणि सोमवारी पुन्हा पाच मिनिटांवर आलो. तेराव्या दिवशी ती रडलीच, पण मी दाराच्या काचेतून बघितलं तर ती बाईंच्या मांडीवर बसून रडत होती. मग हुंदके थांबले, आणि तिने बाईंच्या गळ्यातले मणी मोजायला सुरुवात केली. मराठीत.

बाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, झालं, रुळली. मी म्हटलं, अहो, ती तर रडली. माझ्या मोडक्या जर्मनला समजेल असं त्यांनी दोनदा सांगितलं. मूल रडत नाही म्हणजे रुळलं असं आम्ही मानत नाही. रडल्यावर इथल्या कुणाकडून त्याची समजूत निघाली, की रुळलं.

मी पुण्यात अकरा वर्षं शाळेत शिकवलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात फाटकाशी आयांच्या कमरेची मिठी सोडवून मुलं आत नेली होती, "तुम्ही जा हो, पाच मिनिटांत गप्प होईल" असं म्हणत. गप्प व्हायचीच ती. त्या दुपारी ट्रामने घरी येताना मला त्यातले काही चेहरे आठवले. अजून आठवतात.

पण मोठ्या माणसांसाठी असा काही काळ कुणी ठरवलेला नसतो. चार मिनिटं, दहा मिनिटं असं कुणी मोजत नाही. मी पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मनची पहिली पातळी करून आले होते आणि मला वाटत होतं की बोलता येईल. इथे आल्यावर कळलं की श्टुटगार्टची माणसं बोलतात ती श्वेबिश. पाठ केलेले शब्द ओळखू येईनात. एक मात्र लवकर आवडलं. ही माणसं शब्दांना 'ले' लावतात, घराला हॉइस्ले, मुलीला मेडले. आपण सोनुली, बाहुली, चिमुकली म्हणतो तसंच लाडाचं. पण आवडणं वेगळं आणि दुकानात मागे रांग उभी असताना तोंड उघडणं वेगळं. लेक पाच वर्षांची झाली आणि माझी जर्मन दुरुस्त करायला लागली. मायेनेच करायची. तरी डॉक्टरांच्या समोर पाच वर्षांच्या मुलीने आईचं वाक्य सरळ करून सांगितलं की आईला काय वाटतं, ते त्या मुलीला कळण्यासारखं नसतं.

वरच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, तेव्हा पंचाहत्तरीच्या. त्यांची आमची ओळख झाडूमुळे झाली. या भागात केरवोखे म्हणून रीत आहे. जिना आणि समोरचा पदपथ झाडण्याची आठवड्याची पाळी. पाळीची पाटी एका दारावरून दुसऱ्या दारावर जाते, आणि घरभाड्याच्या करारात ते काम लिहिलेलं असतं. जर्मनमध्ये केरेन म्हणजे झाडणं. मला त्यात आपला 'केर' ऐकू आला आणि मी आजींना ते सांगितलं. त्यांनी तो शब्द तीन-चारदा म्हणून बघितला आणि मला घरात बोलावलं.

त्या दिवशी त्यांच्याकडे मसूर शिजत होता. इथलं रोजचं जेवण आहे ते, अख्खा मसूर, वर थोडं व्हिनेगर, आणि बरोबर श्पेत्सले, म्हणजे पिठाच्या उकडलेल्या जाडसर शेवया. माझ्यासाठी त्यांनी सॉसेज बाजूला ठेवलं. मी कऱ्हाड-इस्लामपूरकडची, अख्ख्या मसुराच्या मुलखातली. दुसऱ्या रविवारी मी कांदा-लसणाचा मसाला घालून आपल्या पद्धतीचा करून वर नेऊन दिला. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने. तरी त्यांनी संपवला, आणि पुढच्या वेळी कमी तिखट सांगून परत मागितला.

एवढं होऊनही माझं 'आपल्याकडे' पुण्यातच होतं. चांगले शेजारी मिळाले म्हणजे रुळलो, असं नाही होत.

२०२० च्या मार्चमध्ये विमानं बंद झाली. मे महिन्यात कऱ्हाडला माझे वडील गेले. जाता आलं नाही. भावाने फोन धरला होता आणि मी स्मशानातल्या चौघांच्या पाठी बघत होते. नंतर मी घराबाहेर जिन्यात जाऊन बसले, लेकीसमोर नको म्हणून. आजी वरून खाली आल्या. दोन माणसांत अंतर ठेवायचे दिवस होते, त्यांचं वय ऐंशीच्या घरात. त्या चार पायऱ्या वर बसल्या, मी चार पायऱ्या खाली. मी बोलत होते ते मराठी होतं की जर्मन, मला आठवत नाही. त्यांनी त्यांच्या वडिलांचं नाव सांगितलं आणि माझ्या वडिलांचं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते नीट म्हणता येईपर्यंत म्हटलं. दिवा आपोआप विझायचा, तो त्या दर वेळी उठून लावायच्या. तासाभराने मी डोळे पुसले आणि आत जाऊन भात लावला.

बालवाडीच्या बाईंचा हिशेब धरला तर मी त्या रात्री रुळले. पण मला ते कळलं ऑगस्टमध्ये.

आजींचा पुतण्या श्वेबिश आल्बच्या पठारावर शेती करतो, इथून तासाभरावर. ऑगस्टमध्ये त्या आम्हाला त्याच्या शेतावर घेऊन गेल्या. चुनखडीचा माळ, हलकी जमीन, आणि त्यात मसूर. आजी त्याला लाइसा म्हणतात. पूर्वी या माळावर घरोघरी मसूर व्हायचा, १९५० च्या दशकाच्या आसपास तो बंद पडला. १९८० च्या दशकात काही शेतकऱ्यांनी पुन्हा सुरू केला, पण आल्बचं जुनं बियाणं जर्मनीत कुठेच उरलं नव्हतं. ते २००६ मध्ये सापडलं रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे-संग्रहात. तिथून मूठभर दाणे आणून वाढवत वाढवत ते परत शेतात आलं. आणि मसूर एकटा पेरत नाहीत. त्याचं रोप नाजूक, पावसात आडवं होतं. म्हणून बरोबर ओट पेरतात, त्याच्या ताटांना धरून मसूर उभा राहतो. कापणी-मळणी एकत्र, मग दाणे वेगळे करायचे.

मी शेतावरून मूठभर दाणे घेऊन आले आणि दोन दिवसांनी मावशीला फोन केला. तिच्या घरी शेती आहे, हे तिला सांगायचंच होतं. गॅसवर मसूर होता, खांद्याशी फोन. मी भराभर सांगत होते, "मावशी, आपल्याकडे ना मसुराबरोबर ओट पेरतात."

"आपल्याकडे?" मावशी म्हणाली. "आपल्याकडे कोण पेरतंय ओट?"

मी पळी ठेवली. 'आपल्या'त मावशी हवीच असते, नाहीतर तो शब्द वापरता येत नाही.

"आमच्याकडे गं," मी म्हटलं. "इथे."

पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग तिने विचारलं, "बरं, ओट किती घेतात, मसूर किती?"