ह्या पुस्तकातला झाला

"मला समाजाची सेवा करायची आहे, सर."

आमची आई पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत बसली होती. हात थांबवून नातीला म्हणाली, "गो, ह्या पुस्तकातला झाला. तुझा काय ता सांग."

भाचीला पुण्याच्या एएफएमसीचं, म्हणजे सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजचं, बोलावणं आलंय. आज देवगडच्या घरात मी 'सर' होऊन तिची तालीम घेत होतो. बाकी एमबीबीएसला नीटचे ७२० पैकी मार्क बोलतात, तोंड उघडायची वेळच येत नाही. इथे मात्र मुलाखतीलाही मार्क आहेत. क्लासवाल्यांनी तिला त्याची उत्तरंही पाठ करून दिलीयत. (मलाही तेच उत्तर बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला.)

ती गप्प. मग आईच म्हणाली, "माझ्या गोळयेंचा सांग मगे."

मला कळेना. आईने कनवटीची पिशवी सोडून प्रेशरच्या गोळ्यांची पाकिटं काढली. एकावर स्केचपेनने सूर्य, दुसऱ्यावर चंद्रकोर. आईला वाचता येत नाही. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, समजावायला मात्र त्यांना सवड नव्हती. हे पोरीने बारावीच्या अभ्यासातून उठून केलेलं. घरात आम्हा कुणाला पत्ता नाही.

"मामा, असलं काय सांगायचं तिथे? हसतील ना."

रात्रीच्या एसटीत बसवून आलो तिला. खिडकीतून हात हलवतानाही ओठ पुटपुटत होते.

कुठलं उत्तर घोकत होती कोण जाणे. तुम्ही पॅनलवर असता, तर हसला असता?